शर्यतीच्या मैदानावरील हिशेब

आमच्या सीमाभागात शर्यत म्हटली की बैलगाडी डोळ्यांसमोर येते. घोड्यांच्या शर्यतीचे नाव काढले तर मात्र वडीलमंडळी 'जुगार' एवढेच बोलून विषय संपवितात आणि कानडी शेजारीही 'जूजु' म्हणून तोच निकाल देतात. उलट, हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले. मग खरे काय मानावे? गेल्या हिवाळ्यात मामांबरोबर मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर जाण्याचा योग आला. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने तेथे जे उमगले, ते येथे मांडीत आहे.

मुंबईत शर्यतींचा क्लब १८०२ साली निघाला. आरंभी शर्यती भायखळ्यास होत. १८८३ साली त्या महालक्ष्मीस आल्या. १९३५ मध्ये क्लबच्या नावाला 'रॉयल' हे बिरूद लागले. २,४०० मीटरची इंडियन डर्बी १९४३ पासून येथे धावते. ती चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते.

प्रत्येक शर्यतीपूर्वी घोडे पॅडॉकमध्ये फिरवून दाखवितात. कठड्याभोवती जाणकारांची गर्दी असते. मामा म्हणाले, "अरे, रंग काय बघतोस? चाल बघ!" घोड्याची मागील कामगिरी, जॉकी, अंतर, सारे पुस्तिकेत छापलेले असते. हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्यावर अधिक वजन देतात. जॉकीचे वजन धावण्यापूर्वी होते आणि नंतरही. डर्बीएवढी लांब शर्यतदेखील अडीच मिनिटांत आटोपते. पुढील शर्यतीपर्यंतचा वेळ पैशांच्या व्यवहाराचा.

हा व्यवहार 'टोट'वर कसा चालतो ते पाहू. शर्यतीतील सर्व घोड्यांवर लावलेले सर्वांचे पैसे एकत्र जमतात. त्यातून कर व क्लबचे कमिशन वजा होते आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांत सारखी वाटली जाते. समजा, एक लाख रुपये जमले व ३० टक्के वजा झाले. उरले ७०,०००. जिंकलेल्या घोड्यावर दहा रुपयांची ३,५०० तिकिटे असतील, तर प्रत्येकी २० रुपये मिळतील. ७०० च असतील, तर १००. म्हणजे भाव क्लब ठरवीत नाही, लोकांचे पैसे ठरवितात.

कौशल्य येथे निश्चित लागते. पण ते घोड्याविरुद्ध नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या इतर खेळणाऱ्यांविरुद्ध लागते. सर्वांची मिळून बेरीज केली, तर प्रत्येक फेरीत शंभराचे सत्तर होतात. तेच पैसे पुन्हा लावल्यास ४९, मग ३४, चौथ्या शर्यतीअखेर अवघे २४. एखादा जिंकतो, समुदाय हरतोच. म्हणून न्यायालयाचे म्हणणे आणि वडीलमंडळींचा सल्ला यांत मला विरोध दिसत नाही. एक खेळाविषयी बोलते, दुसरा खिशाविषयी.

या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. जीएसटी केवळ कमिशनवर न बसता लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के बसू लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कर वाढला की वाटपाची रक्कम घटते आणि खेळणारा तिकीटखिडकीपासून दूर जातो. जुगार कमी झाला, असे म्हणून कोणी समाधान मानील. परंतु पहाटे उठून घोड्याला खरारा करणाऱ्या सईसाचा पगारही याच व्यवसायावर अवलंबून आहे. त्याने पैजेचे एकही तिकीट काढलेले नसते.

विद्यार्थीमित्रांनी संधी मिळाल्यास हे मैदान अवश्य पाहावे. धावणाऱ्या घोड्यांसारखे देखणे दृश्य क्वचितच पाहावयास मिळते. मात्र तिकीटखिडकीपुढे उभे राहण्यापूर्वी वरील वजाबाकी एकदा स्वतः करून पाहावी, आणि मगच खिशात हात घालावा.