यमपुरीतील अपील

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. यमदूत भलत्याच माणसाला नेतात, वर गेल्यावर वहीतले नाव जुळत नाही आणि इकडे तो माणूस तिरडीवर उठून बसतो. आजीकडून ऐकलेली ही गोष्ट ग्रीक भाषेतही आहे, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. शब्दकोश जवळ घेऊन मी तिचा इंग्रजी अनुवाद वाचला.

'टिमॅरियन' हा बाराव्या शतकातील उपहासग्रंथ. त्याचा कर्ता अज्ञात आहे. दुसऱ्या शतकातील ल्युशियनचा कित्ता त्याने गिरवला आहे. नायक टिमॅरियन थेसालोनिकी येथील संत डिमिट्रियसची जत्रा पाहून परतताना ताप व हगवणीने आजारी पडतो. शरीरातील चार रसांपैकी पित्त संपले की माणूस जगू शकत नाही, या वैद्यकाच्या नियमावर बोट ठेवून दोन यमदूत त्याला पाताळात नेतात.

तेथे त्याला त्याचे दिवंगत गुरू, स्मिर्नाचे थिओडोर, भेटतात आणि त्याचे वकीलपत्र घेतात. न्यायासनावर पुराणातील मायनॉस व ईअकस, आणि त्यांच्याशेजारी ख्रिस्ती सम्राट थिओफिलस (कारकीर्द ८२९ ते ८४२)! वैद्यांपैकी हिपोक्रॅटिस हजर. गॅलन मात्र तापावरील आपल्या ग्रंथात भर घालण्यात गुंतलेला. तपासणीत जिवाला रक्त चिकटलेले आढळते. म्हणजे तो आपोआप सुटलेला नव्हता, ओढून काढला होता. टिमॅरियन सुटतो. गुरुजी मात्र वरून कोकरू आणि कोंबड्या पाठवायला बजावतात.

हे वाचून मी हसलो, आणि मग आजी आठवली. दोन वर्षांपूर्वी तिचे निराधारचे पैसे बंद झाले. यादीत तिच्या नावापुढे 'मयत' असा शेरा होता. आजी टेबलापुढे उभी, तरी कागदच खरा! वडिलांना सही येते, अर्ज लिहिता येत नाही. मी तेव्हा बारावीत होतो. आमच्या सरांनी मला अर्ज लिहायला शिकवले आणि ते सोबतही आले. चार महिन्यांनी आजी कागदावर जिवंत झाली.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. दरबार कोणताही असो, आपल्या माणसाची बाजू मांडता यावी, एवढ्यासाठी तरी शिकावे, असे मला वाटते.

टिमॅरियनची गोष्ट आजीला सांगितली. ती म्हणाली, "वरची वही न् खालची वही सारखीच हाय, लेका." मग तिने सरांसाठी तुरीची डाळ बांधून दिली.