सांगली-साताऱ्याहून गणपतीपुळे: खर्च किती धरावा?

सांगलीकराला गणपतीपुळे परकं नाही. सांगलीच्या पटवर्धनांचे मूळपुरुष हरभट पुळ्याजवळच्या कोतवड्याचे, आणि पुळ्याच्या गणपतीचे निस्सीम उपासक. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या या पश्चिमद्वारदेवतेच्या दर्शनाला पैसा लागत नाही. खर्च होतो तो रस्त्यावर आणि मुक्कामावर.

जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनुसार साध्या एसटीला 6 किलोमीटरच्या टप्प्याला 10 रुपये 5 पैसे पडतात. सांगलीहून कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरीमार्गे पुळं साधारण 205 किलोमीटर, म्हणजे एका बाजूचे माणशी साडेतीनशे. साताऱ्याहून पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूणमार्गे थोडे जास्त. बायकांना आणि 65 ते 75 वयाच्यांना निम्मं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत. आई, बाबा, पंचाहत्तरी ओलांडलेली आजी आणि अर्ध्या तिकिटाचं दहा वर्षांचं पोर असे चौघं सांगलीहून जाऊन-येऊन चौदाशेत होतात. तेव्हा खर्चाचं कारण सांगून आजीला घरी ठेवू नका. तिचं आधारकार्ड तेवढं बरोबर घ्या.

स्वतःच्या गाडीनं आसपासचं आरे-वारे, मालगुंड धरून जाऊन-येऊन 450 किलोमीटर होतात. लिटरला 15 किलोमीटर आणि पेट्रोल 105 रुपये धरलं तर 3,150 रुपये. गाडी भाड्याची असेल तर रोजचे किमान किलोमीटर किती आणि चालकाचा मुक्कामभत्ता कोणाकडे, हे निघण्यापूर्वीच ठरवा. परतल्यावर वाद होतो तो नेमका यावरूनच.

मुक्कामाला संस्थानचं भक्तनिवास आहे, किनाऱ्यालगत पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, शिवाय गावात घरगुती सोय होते. मला घरगुती सोय जास्त आवडते, कारण जेवण तिथलंच मिळतं. खोलीचा दर विचारताना जीएसटी धरून आहे का, हे विचारा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे. अंगारकीला आपल्याच जिल्ह्यांतून लोटणारी गर्दी पाहता, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर तो दिवस टाळा. मधल्या वारी निवांत दर्शन होतं.

अभिषेकाची पावती संस्थानच्या कार्यालयातच फाडा. डोंगरच देव मानलेला असल्यानं प्रदक्षिणा त्याच्याभोवती, सुमारे एक किलोमीटरची. ती सकाळी लवकर करा, दुपारी अनवाणी पाय भाजतात. आणि पोरांना समुद्रात पोहायला सोडू नका. इथल्या ओढीनं घाटावरच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांचेही जीव घेतले आहेत.