चमच्यामागची अक्षरं शेवटी वाचा

नेदरलँड्समधल्या एका जुन्या बाजारात विक्रेत्याने चांदीचा चमचा पुढे केला. दांड्याच्या टोकाला शिडाचं जहाज, वाटीत कोरलेलं १७४२. मागची दोन अक्षरं दाखवून त्याने आम्स्टरडॅमच्या कारागिराचं नावही सांगितलं. भिंगातून पाहिलं तर अक्षरांशेजारी इवलीशी तलवार होती. लहान वस्तूंवरची ही सरकारी कसाची खूण १८१४ नंतरची. मी चमचा परत दिला.

कोरलेल्या सालावर विसंबू नका. लग्नातल्या भांड्यावर घातलेली तारीख ते कधी दिलं हे सांगते, कधी घडवलं ते नाही. डच लोक जन्माच्या आठवणीसाठीही चमचे देत, आणि नंतरच्या नकलांवर जुनी सालं सर्रास कोरली गेली.

कारागिराची अक्षरं खुणावतात, पण सुरुवात कसापासून करा. १८१४ ते १९५३ या काळात उभा सिंह आणि १ म्हणजे हजारात ९३४ भाग चांदी; चालता सिंह आणि २ म्हणजे ८३३. १९५३ नंतर हेच आकडे ९२५ आणि ८३५ झाले. मग मिनर्व्हा देवीचं मुख शोधा. तिच्या शिरस्त्राणावरचं अक्षर तपासणी कार्यालय सांगतं, वेगळं वर्षाक्षर साल. छोट्या चमच्यांवर मात्र अनेकदा तलवार आणि कारागिराचा शिक्का एवढंच असतं.

गिल्डच्या, म्हणजे कारागीर संघांच्या, काळातल्या चमच्यावर शहराचा शिक्का हवा: आम्स्टरडॅमच्या मुकुटाखालच्या तीन फुल्या, हेगचा करकोचा, लायडनच्या किल्ल्या. कुऱ्हाडीची खूण दिसली, तर जुनी वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९२७ पर्यंतच्या काळात पुन्हा विक्रीला आली होती असं समजा.

शहर आणि काळ ठरले की मगच अक्षरांकडे वळा. तीच आद्याक्षरं अनेकांची असतात. चौकटीचा आकार आणि अक्षरांमधलं बारीक चिन्हही जुळायला हवं. आम्स्टरडॅमच्या जुन्या शिक्क्यांसाठी एलियास वूट यांचा १९१२ चा ग्रंथ पाहा.

सगळं जुळलं तरी झीज तपासा. जर्मनीतल्या हानाउ शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या डच शिक्क्यांसारख्या खुणा मारलेला माल बनत असे. दांडा गुळगुळीत झिजलेला आणि शिक्का मात्र धारदार असेल, तर थांबा. शिक्का घासून उजळू नका. तिरप्या उजेडात फोटो काढा.

विक्रेत्याने तोंडी सांगितलेलं शहर, काळ, कस आणि कारागीर पावतीवर लिहून मागा. तो कचरला, तर पैसे खिशातच राहू द्या. यात प्रश्न केवळ पैशांचा नाही: चुकीचं नाव चिकटलं की ज्याने चमचा खरोखर घडवला, त्याचं श्रेय कायमचं हरवतं.