जुन्या पद्मिनीला डिस्क ब्रेक: कोटेशन देण्याआधी हे तपासा

प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम बंदिस्त असतो, घाटात सतत ब्रेक दाबला की तापतो आणि पकड कमी होते. म्हणून गिऱ्हाईक विचारतं, "पुढे डिस्क बसवायला किती घ्याल?" लगेच आकडा सांगू नका.

आधी गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, पुढचं चाक वर-खाली हलवून बघा. किंगपिन, बुश, बेअरिंगमध्ये प्ले असेल तर ते काम पहिलं. ढिल्या सस्पेन्शनवर जोरदार ब्रेक लागला की गाडी एका बाजूला ओढते.

मग पूर्ण सेटचा हिशोब धरा: डिस्क, कॅलिपर, होज, डिस्कला चालणारा मास्टर सिलिंडर. डिस्कला दाब जास्त लागतो, म्हणून बहुतेक वेळा बूस्टरही. रिमच्या आत कॅलिपर मावतो का, मोजा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं. आरटीओत आधी विचारा.

"फक्त डिस्क टाका, बाकी राहू दे" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. बिल एकदाच मिळतं, गाडी मात्र रोज रस्त्यावर जाते.