हिमगाडीच्या इंजिनकक्षातील वारा

मॅनिटोबातील विनिपेग सरोवर गोठले म्हणजे तेथील कोळी बर्फाला भोके पाडून खाली जाळी सोडतात, आणि मासळी किनाऱ्यावर आणण्यासाठी पुढे स्की, मागे पट्टे व बाजूंस गोल खिडक्या असलेली जुनी बॉम्बार्डियर बी-१२ गाडी त्यांच्यापैकी काहीजण अद्याप राबवितात. १९३४ साली, हिमाने रस्ते बंद असल्यामुळे, ज्यांच्या लहान मुलाला वेळेवर इस्पितळात नेता आले नाही, त्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियर यांनी क्वेबेकमधील व्हॅलकोर येथे पुढे ही बारा आसनांची गाडी घडविली. तशीच एक माझ्याकडे आहे. आणि कॅनडातील आपल्या मंडळींपैकी कोणी असे वाहन घेण्याच्या विचारात असेल, तर त्याच्या इंजिनकक्षाविषयी चार गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात असे मला मनापासून वाटते.

उणे वीस अंशांच्या थंडीत इंजिन तापावे, हे ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. परंतु हे इंजिन गाडीच्या पाठीमागे बंद कप्प्यात असते, मऊ बर्फात गाडी अत्यंत संथ चालत असतानाच त्याला पुरा जोर लावावा लागतो, आणि वेगामुळे समोरून मिळणारा वारा येथे नसल्याने पंखा ओढील तेवढ्याच हवेवर सारी भिस्त राहते.

मार्चमधील एका दुपारी, ओलसर बर्फातून मासळीच्या पेट्यांसह परतत असता, पाण्याच्या तापमानाचा काटा धोक्याच्या खुणेपाशी पोहोचण्यापूर्वीच इंजिन खोकू लागले व बंद पडले. मागचे झाकण उघडून पाहतो तो इंधनपंपाच्या काचेच्या वाटीत पेट्रोल चक्क उकळत होते! हिवाळ्यातील पेट्रोल थंडीत चटकन पेटावे म्हणून मुद्दाम अधिक बाष्पशील केलेले असते. तेच एक्झॉस्टच्या शेजारून जाणाऱ्या नळीत तापले की त्याची वाफ होते, आणि द्रवासाठी बनविलेल्या पंपाला ती वाफ पुढे रेटता येत नाही. झाकण उघडे ठेवून थांबल्यावर इंजिन सुरू झाले, पण मोकळ्या सरोवरावर, माथ्यावरचा सूर्य कलत असताना केलेली ती प्रतीक्षा सुखाची नव्हती.

मूळ कारण पुढे सापडले. पूर्वीच्या मालकाने पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे आणि रेडिएटरच्या कडांवरील रबरी पट्ट्या काढून टाकल्या होत्या, त्यामुळे बाहेर जावयाची तप्त हवा फटींतून वळून पुन्हा रेडिएटरपुढे येत होती. अशा वेळी मोठा रेडिएटर बसविण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. माझ्या मते तो खर्च व्यर्थ आहे. आधी हवेच्या निर्गमनाचा बंदोबस्त करावा. फटींजवळ लोकरीचे धागे चिकटवून, इंजिन चालू असता, पट्ट्यापंख्यांपासून हात दूर ठेवून पाहावे: धागा आत ओढला गेला की हवा कोठून परतते ते कळते. कडे पूर्ववत बसवावे, फटी बुजवाव्यात, इंधनाची नळी एक्झॉस्टपासून दूर नेऊन मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा. पट्ट्यांनी उडविलेला भुगा जाळीवर साचून वितळतो व पुन्हा गोठतो, तो प्रत्येक मुक्कामी झाडावा.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या फंदात पडू नये. थंड इंजिनात तेलाचा चिखल होतो. अँटिफ्रीझ व पाणी निम्मे-निम्मे असावे, कारण ते मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत तग धरते, तर निव्वळ ग्लायकॉल उणे १३च्या आसपासच गोठते आणि उष्णताही कमी वाहून नेते. ओझे ओढून आल्यावर इंजिन एकदम बंद करू नये. काही मिनिटे मंद गतीने चालू द्यावे, नाहीतर पंखा थांबताच साठलेली उष्णता पेट्रोलवर चढते.

फटी बुजविताना एका गोष्टीत मात्र तिळमात्र हयगय नको. इंजिनकक्ष व बैठक यांमधील पडदीला एकही भोक राहता कामा नये, आणि एक्झॉस्टचे सांधे दर मोसमाआधी तपासलेच पाहिजेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि थंडीमुळे खिडक्या लावून बसलेल्यांना गुंगी येते ती झोप समजली जाते. त्याची सूचना देणारे छोटे यंत्र मी मागच्या बाकाशेजारी, उतारूंच्या डोक्याच्या उंचीवर लावले आहे, आणि त्याची बॅटरी पाहिल्याखेरीज गाडी बर्फावर उतरवीत नाही.