पगार कुणाच्या खिशातून येतो?

कॅम्पस मुलाखतीच्या रांगेत उभी पोरं एकमेकांना पॅकेज विचारतात. कंपनी कमावते कशी, हे सहसा कुणी विचारत नाही. हिंजवडीच्या आयटी पार्कात उमेदीची वर्षं घालवलेल्या प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्न आधी विचारावा.

आयटी सेवा कंपनीचं गणित सरळ आहे. परदेशातल्या बँकेला किंवा विमा कंपनीला माणसाच्या तासांचं बिल डॉलरमध्ये लावायचं आणि त्या माणसाला पगार रुपयांत द्यायचा. १९६८ सालची टीसीएस आणि १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झालेली इन्फोसिस, दोघी याच वाटेनं मोठ्या झाल्या. ठरावीक रकमेची कंत्राटंही असतात, पण तिथेही अंदाज बांधताना माणसंच मोजतात. फ्रेशरची भरती घाऊक का होते, हेही यातून उलगडतं: टीममध्ये स्वस्त माणसं जितकी जास्त, तितका बिल आणि पगार यांतला फरक मोठा.

लेखकाला हे गणित उमगलं ते शुक्रवारच्या टाइमशीटवर. अमेरिकेतल्या क्लायंटनं काम आवरतं घेतलं आणि यादीतून प्रोजेक्टचा कोड गायब झाला. उरला तो एकच पर्याय, ‘अनअलोकेटेड’. माणूस तोच, अप्रेझलही उत्तम. पण आदल्या आठवड्यापर्यंत कमाई असलेला हा गडी आता नुसता खर्च होता. मग आरएमजीतून, म्हणजे माणसं प्रोजेक्टवर लावणाऱ्या विभागातून, फोन: “जावा येतं ना? सपोर्टचं एक काम आहे, रात्रपाळी चालेल?” चालेल का, हे विचारलं जात होतं एवढंच, नाही म्हणायची सोय नव्हती.

आता तर अशा रिकामपणाची मुदतही लेखी आहे. टीसीएसनं जून २०२५ मध्ये नियम केला: वर्षाला किमान २२५ दिवस बिलिंग हवं, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, ३५ दिवसांहून जास्त नाही. पुढच्याच महिन्यात सुमारे १२ हजार जणांना कमी करण्याचं जाहीर झालं.

मग प्रॉडक्ट कंपनी सुरक्षित का? तसंही नाही. गुगलच्या मूळ कंपनीचं सुमारे तीन चतुर्थांश उत्पन्न जाहिरातींचं. २०२२ साली सुमारे ६० अब्ज डॉलर नफा कमावून तिनं जानेवारी २०२३ मध्ये १२ हजार लोकांना नारळ दिला. स्टार्टअपमध्ये तर पगार बरेचदा गुंतवणूकदाराच्या पैशातून होतो, आणि तो हात आखडला की काय होतं हे बायजूजच्या कर्मचाऱ्यांनी पाहिलं आहे. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्याची ही कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या दारात होती.

म्हणून मुलाखतीत विचारावं: ही जागा बिलेबल आहे की शॅडो, म्हणजे क्लायंटला बिल न लागणारी? क्लायंट किती, की सगळा डोलारा एकाच्याच भरवशावर? स्टार्टअप असेल तर हातातला पैसा किती महिने पुरेल? एचआर गोड हसून विषय बदलेल. टीम लीड बहुधा खरं सांगतो, विशेषतः चहाच्या टपरीवर.

आणि घराचा हप्ता ठरवण्याआधी सीटीसीतून, म्हणजे कागदावरच्या एकूण पॅकेजमधून, व्हेरिएबल, ग्रॅच्युइटी, कंपनीच्या आणि स्वतःच्या वाट्याचा पीएफ आणि कर वजा करून खात्यात दरमहा काय पडतं ते कागदावर मांडावं. सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला पडू द्यावा, फ्लॅटचं टोकन नंतर द्यावं. बिल्डरचा फोन तोवर रोज येईल, येऊ द्यावा.