चि. मुक्तास



काल वहिनीचा फोन होता. तू म्हणे रोज दोन-दोन मॉक देतेस, पहाटे तीनला झोपतेस आणि गुण विचारले की खोलीचं दार लावून घेतेस. दार लाव, आपल्या घराण्यात सगळेच लावतात. पण दिलेला पेपर पुन्हा उघडून बघतेस का? वहिनीला ते सांगता येईना आणि माझी झोप उडाली.

क्लॅट या कायद्याच्या प्रवेश परीक्षेला 120 प्रश्न, 120 मिनिटं. उतारे वाचायचे तेही त्यातच. चार उत्तरं चुकली की कमावलेला एक गुण गेला. मग आपण चुकतो कुठे हे न बघता नवा मॉक द्यायची एवढी घाई कशाला?

दादा तर कौतुकाने सांगत होता, पोरगी संविधानाची कलमं पाठ करतेय. अगं, कायद्याच्या भागात नियम उताऱ्यातच दिलेला असतो. रस्त्यावर पडलेला आंबा उचलणाराही चोर, असं उताऱ्यात म्हटलं असेल तर तो चोर. तिथे तुझी कणव नको आणि आत्याची वकिलीही नको. कलमांना पुढे जन्म पडलाय. गणिताचे 10 ते 14 प्रश्न असतात, दहावीच्या पातळीचे. ते भीतीने सोडू नकोस. वर्तमानपत्र मात्र रोज.

आणि मॉक तपासायचा. उतारा धड वाचला नाही, दोन पर्यायांत अडकलीस, की नुसतं उत्तर ठोकून दिलंस, ते प्रत्येक चुकीपुढे लिही. दिवसाआड एकच मॉक दे, पण हे कर. करतेस ना?

आमच्या वेळी, 2008 च्या आधी, क्लॅट नव्हती; प्रत्येक लॉ स्कूलची परीक्षा वेगळी असायची. बंगलोरचा फॉर्म मी मागवला होता. अण्णा "एवढ्या लांब?" म्हणाले आणि मी गप्प बसले. पुढे इथेच शिकले, वकिली बरी चालली, तक्रार नाही. तरी तू अर्ज भरतानाचा फोटो दादाने पाठवला तेव्हा बराच वेळ बघत बसले. तुझ्या मागे लागते ते त्यामुळेही असेल. त्याचं ओझं तू घेऊ नकोस.

फार बोलले. रात्री अकराला झोपत जा, बाळा. परीक्षा डिसेंबरात आहे, त्याआधी दिवाळीला दोन दिवस इकडे ये. चिवड्यात मनुका घालत नाही. येताना एखादा तपासलेला मॉक आण, गुणांवर हवं तर कागद चिकटव. नाही आणलास तरी ये.

तुझी,
आत्या